पाण्याखालच्या गावाचा नकाशा

मे महिना मध्यावर आला की मी वर्तमानपत्र आतल्या पानापासून वाचायला लागते. तिथं एका कोपऱ्यात धरणांची नावं असतात आणि नावापुढं शिल्लक राहिलेलं पाणी. बाकीच्या ओळींवरून नजर नुसती घसरते. साताऱ्याच्या डोंगरातल्या एकाच धरणापाशी ती थांबते. यंदा तिथला आकडा रोज थोडा थोडा उतरत चाललाय. परवा नवऱ्यानं चहाचा कप पुढं सरकवत विचारलं, "एवढं काय असतं गं त्यात?" मी "काही नाही" म्हटलं आणि पान उलटलं. पण तोवर माझ्या डोळ्यांसमोर पाणी बरंच खाली गेलं होतं. आधी देवळाचा चौथरा वर आला होता, मग विहिरीची गोल कड, मग माना मोडलेल्या झाडांचे काळे बुंधे. करंजखळ नावाचं गाव उघडं पडायला लागलं होतं. मी त्या गावात कधी राहिले नाही. माझ्या जन्माच्या आसपासच ते बुडालं. तरी दर उन्हाळ्यात ते माझ्याकडं येतं.

मी नकाशे करणाऱ्या एका कंपनीत काम करते. कंपनी म्हटलं की लोकांना काचेची इमारत दिसते. आमची मिरजेत, दवाखान्यांच्या गल्लीत, औषधाच्या दुकानावर पहिल्या मजल्याला आहे. जिना अरुंद आणि शेजारच्या एक्स-रेवाल्याच्या जिन्याला लागून, त्यामुळं दिवसातून एकदोन माणसं तरी हातात डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आमच्याकडं चढून येतात. आमचे मालक आप्पा त्यांना कधी नुसतं "शेजारी जावा" म्हणत नसत. चिठोऱ्यावर पेन्सिलीनं रस्ता काढून देत, उत्तर दिशेच्या बाणासकट. दुखऱ्या गुडघ्याचा म्हातारा तो चिठोरा उलटा-सुलटा करत जिना उतरायचा आणि आम्ही हसू दाबायचो.

मी इथं लागले तेव्हा मेणासारख्या गुळगुळीत निळसर कापडावर शाईनं नकाशे गिरवले जायचे. बोटांना घाम आला की रेघ फुटायची, म्हणून उन्हाळ्यात मनगटाखाली टीपकागद घ्यायचा. मागच्या खोलीत प्रती काढायचं यंत्र होतं, त्यातल्या अमोनियाच्या वासानं डोळ्यांतून पाणी यायचं आणि घरी गेल्यावर सासूबाई विचारायच्या, "रडलीस काय गं?" मग संगणक आले. मग उपग्रहाची चित्रं आली, आता ड्रोन उडतात. साखर कारखान्यांचे उसाचे फड, नगरपालिकेच्या पाण्याच्या वाहिन्या, कृष्णेच्या पुराच्या रेषा, सगळं आमच्या हातून गेलं. पुण्याहून मोठ्या कंपन्या आल्या, त्यांतल्या काही परत गेल्या. मोबाईलमध्ये फुकट नकाशा आल्यावर तर लोक तोंडावरच विचारू लागले, "आप्पा, अजून चालतंय का तुमचं?" आप्पा चष्मा पुसत म्हणायचे, "चालतंय की." घरातल्या जुन्या दुखणेकऱ्याची कुणी चौकशी केल्यावर सांगावं, तसं.

मी सांगते तो मे काही वर्षांपूर्वीचा. कामं कमी होती, आणि आप्पांनी जुने सगळे नकाशे संगणकात घ्यायचं काढलं होतं. कापडं वाळवीला द्यायच्या आत. मी दिवसभर एकेक गुंडाळी उलगडायची, फडक्यानं पुसायची, यंत्राखाली सरकवायची. डांबरगोळ्यांचा वास केसांत बसायचा. अशी एकेक करत मी शेवटच्या कपाटापाशी आले. त्याला ऑफिसात सगळे 'पाण्यातलं कपाट' म्हणत. धरणाखाली गेलेल्या गावांचे नकाशे त्यात होते. कुणी कधी मागायला आलं नव्हतं. जे गावच नाही त्याचा नकाशा कोण मागणार?

ते कंपनीचं पहिलं काम. आप्पा तेव्हा विशीबाविशीचे. थोरल्या भावाबरोबर त्यांनी ती गावं घराघरानं मोजली होती; धरण होण्याआधी कुणाचं काय जाणार, ते कागदावर यावं म्हणून. ती गुंडाळी उघडली की मला अवघडल्यासारखं व्हायचं. गल्ल्या, पार, पाणवठे, परड्यातली झाडंसुद्धा. चिंचेला एक खूण, चाफ्याला एक. एवढ्या निगुतीनं काढलेलं गाव आणि सगळं बुडण्यासाठी. आप्पा माझ्या मागं येऊन उभे राहायचे, पण कापडाला हात लावायचे नाहीत. एकदा म्हणाले, "आम्ही गेलो की बायका विचारायच्या, चहा घेणार का? आम्ही त्यांचं घर जायचं म्हणून मोजतोय आणि त्या चहा विचारतायत." त्या गावांकडं आप्पा पुन्हा कधी गेले नव्हते. साताऱ्याला जाताना ते धरण दिसणाऱ्या फाट्यापाशी गाडीत डोळे मिटून घेत, हे मला आमच्या सर्व्हेयरनं, मानेनं, सांगितलं होतं. बाहेरची सगळी मोजणी तोच करतो.

त्याच आठवड्यात एक गृहस्थ जिना चढून आले. एक्स-रेसाठी आलेले समजून मी शेजारी बोट दाखवणार होते, पण त्यांच्या हातात चिठ्ठी नव्हती. साठीचे, पांढरी दाढी, बोटांना लाखेचे तांबूस डाग. नाव दस्तगीर. मिरजेतच तंबोरे करायच्या कामात आयुष्य गेलेलं.

"मॅडम, करंजखळचा नकाशा तुमच्याकडं हाय म्हनं."

करंजखळ हे नाव जिवंत माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या दिवशी ते कापड माझ्या टेबलावरच पसरलेलं होतं. त्यांनी ते पाहिलं आणि एक पाऊल मागं सरकले.

मी खुर्ची दिली. पाणी दिलं. मग त्यांनी सांगितलं. गाव उठलं त्या सालच्या हिवाळ्यात त्यांची आई वारली, बाळंतपणात. करंजखळच्या कबरस्तानात तिला ठेवलं. पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं. गावातली निम्मी माणसं कुंडलजवळच्या नव्या वसाहतीत गेली, तिला आता नवं करंजखळ म्हणतात. दस्तगीर कामाच्या शोधात मिरजेला आले ते इथलेच झाले. धाकटी बहीण हजराबी नव्या करंजखळमध्येच राहिली, तिथंच तिचं लग्न झालं. ज्या वर्षी धरणाचं पाणी फार खाली जातं, त्या वर्षी ती एकटी एस्टीनं जाते, गाळातून चालत आईच्या कबरीपाशी बसते, तिच्या नावानं फातिहा पढते आणि परत येते.

"मी कवा गेलो न्हाई," दस्तगीर म्हणाले. "भ्या वाटायचं. औंदा पयल्यांदा तिच्यासंगं गेलो. आनि बगतो तर ती भलत्याच जाग्यावर बसल्याली."

"तुम्हाला खात्री आहे?"

"मी खांदा दिल्ता, मॅडम. माती दिल्ती. ती तवा अकराची पोर. आमच्यात बायका कबरस्तानात जात न्हाईत. तिनं लांबनं, वड्याच्या काठावनं बगितलं. चाफ्याचं झाड दिसलं तेवडंच तिला ठावं." त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मी म्हनलं, हजरा, हितं न्हाई. तर म्हनली, इतकी वर्सं कुठं हुतास? तवापास्नं बोलत न्हाई माझ्याशी."

मी कापडावर वाकले. कबरस्तान सापडलं. बांधाची चौकट, आत चाफ्याची खूण. पण ओढ्याच्या अलीकडं, तिथून बऱ्याच अंतरावर, आणखी एक चौकट होती आणि तिच्यातही तशीच चाफ्याची खूण. शेजारी आप्पांच्या भावाच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'लिंगायत रुद्रभूमी'; म्हणजे त्यांची पुरायची जागा. दोन चाफे. ओढ्याच्या काठावरून बघणाऱ्या मुलीला त्यांतला कुठला दिसला असेल?

मान वर केली तर दारात आप्पा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पाऊस कधी येईल सांगता येत नाही," ते म्हणाले. "माने, गाडी काढ उद्या." आणि जरा थांबून, "मी पण येणार."

हजराबीला घ्यायला आम्ही कुंडलमार्गे गेलो. उसाच्या हिरव्या भिंतींमधून वाट काढत गाडी नव्या करंजखळला पोचली तेव्हा आदल्या रात्री फोनवरनं निरोप मिळालेली ती दारातच उभी होती. पन्नाशी उलटलेली, सडपातळ, डोक्यावर पदर, हातात भाकरीचं गाठोडं. भावाकडं तिनं पाहिलं नाही. दस्तगीर पुढं मानेशेजारी बसले, ती मागं माझ्याशेजारी. कऱ्हाड मागं पडलं. मग तीच हळूच म्हणाली, "ताई, तुमचं मशीन चुकतं का कवा?"

"चुकतं कधीकधी."

"माझंबी चुकलं आसंल," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

धरण दिसलं तेव्हा मी आप्पांकडं बघितलं. त्यांचे डोळे उघडे होते.

पाणी नसलेल्या धरणात उतरणं म्हणजे काय, ते मला तोवर माहीत नव्हतं. वरती डोंगराला पाण्यानं ओढलेल्या पट्ट्या, एकाखाली एक, आंघोळीच्या पाण्याच्या हंड्यावर चढलेल्या थरांसारख्या. खाली गाळ वाळून तडकलेला. त्याच्या खपल्यांच्या कडा वर वळलेल्या, पाऊल ठेवलं की कुडकुड मोडायच्या. शिंपल्यांचे तुकडे चमकत होते. सगळीकडं एक जुना वास, बंद रांजणाचं झाकण काढल्यावर येतो तसला. पाखरं होती, पण ती पाण्याच्या उरलेल्या पट्टीपाशी, लांब. आमच्या भोवती आवाजच नव्हता. मी सवयीनं मोबाईल काढला. पडद्यावर सगळं निळं आणि त्या निळ्याच्या मधोमध आमचा ठिपका. आम्ही कोरड्या जमिनीवर चालत होतो आणि नकाशा सांगत होता की आम्ही बुडालेलो आहोत.

हळूहळू गाव कळायला लागलं. आधी ते नुसते दगडांचे ढीग वाटत होते. मग एक उंबरा दिसला. मग दुसरा. अर्धं जातं गाळात रुतलेलं. एका चौथऱ्यावर कुणाचं तरी मासे धरायचं फाटकं जाळं अडकलेलं. दस्तगीर प्रत्येक उंबऱ्यापाशी पुटपुटत नाव घेत होते: हे पाटलांचं, हे कुंभाराचं, हे आमचं. 'हे आमचं' म्हटल्यावर हजराबीही थांबली. दोघं भाऊबहीण एकाच उंबऱ्याकडं बघत उभी होती, मध्ये हातभर अंतर. आत कुणी गेलं नाही. उंबऱ्याच्या आत आणि बाहेर सारखाच गाळ होता, तरीही.

आप्पा मागं मागं येत होते. त्यांना काहीच ओळखू येत नव्हतं. "मीच काढलं की हे," ते पुटपुटले, "पण मला कापडावरचं आठवतंय, हे आठवत नाही." देवळाच्या चौथऱ्यापाशी आल्यावर मात्र त्यांनी चपला काढल्या आणि तापलेल्या दगडावर हात ठेवला.

माने कामाला लागला. देवळाच्या चौथऱ्याचे कोपरे, विहिरीची कड, आणि पाण्याच्या कक्षेत कधीच न आलेला टेकडीवरचा हद्दीचा दगड, एवढ्या जागी त्यानं काठी उभी करून उपग्रहांवरनं जागा घेतली. मी झाडाच्या बुंध्याला टेकून मांडीवरच्या टॅबवर जुना नकाशा त्या खुणांवर बसवत होते. कापड ताणलेलं असतं, जुनं होऊन आक्रसतं, कुठंतरी मेळ बसत नाही. पण तो बसला. चाळीसेक वर्षांपूर्वी उन्हातान्हात ओढलेली मोजणीची साखळी आणि आजचे उपग्रह एकमेकांना ओळखत होते. पडद्यावरच्या निळ्यातून घरं वर आली, गल्ल्या वर आल्या. मी ज्या बुंध्याला टेकले होते तो नकाशात होता. कुणाच्या तरी परड्यातला फणस.

"हजराबी, तुम्ही कुठं बसायचा?" मी विचारलं.

तिनं न अडखळता नेलं. गाळातून वर आलेलं एक काळं खोड, आणि त्याच्या पायाशी ती उभी राहिली. मानेनं काठी टेकवली. मी पडद्याकडं पाहिलं. लिंगायत रुद्रभूमी. बरोबर मधोमध.

"आनि माझं म्हननं हितं," दस्तगीर पलीकडून ओरडले. ते ओढ्याच्या पल्याड बरेच पुढं जाऊन उभे होते. माने तिकडं गेला. ती जागाही कबरस्तान नव्हती. तो गावाचा जुना गाडीरस्ता होता.

मी सांगितल्यावर दस्तगीर खाली बघत राहिले. "रस्ता?" त्यांनी पायानं गाळ उकरला. "मी माती दिल्ती की. मला याद हाय." मग आवाज खाली गेला. "सगळं येकसारकंच झालंय."

मानेनं नकाशावरच्या चौकटीचे कोपरे शोधले. दोघांच्याही जागांपासून दूर, थोड्या उतारावर. गाळाशिवाय तिथं काहीच नव्हतं. त्यानं फावड्यानं वरचा थर ओढला. खाली खट्ट वाजलं. घडीव दगड. त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा, सरळ रेषेत. दस्तगीर गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी उकरायला लागले. लाखेनं रंगलेली ती बोटं गाळानं काळी झाली. "हीच कड," ते म्हणत होते, "हीच. हितनं आत आनल्तं आमी तिला."

कबर कुठली ते कळणार नव्हतं. कच्च्या मातीच्या कबरी, त्यावर इतक्या पावसाळ्यांचं पाणी. पण जमीन सापडली होती.

मी वळून पाहिलं. हजराबी अजून तिकडंच, काळ्या खोडापाशी उभी होती. मी तिच्याकडं चालत गेले. मला वाटत होतं हे मानेनं सांगावं, आप्पांनी सांगावं, कुणीही सांगावं. पण ती माझ्याकडंच बघत होती.

"ताई, मग हितं कोन हाय?"

"इथं..." मी म्हणाले, "इथं लिंगायतांना पुरायचे. रुद्रभूमी होती त्यांची."

वाऱ्यानं पदर उडाला, तो तिनं सावरला. लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात हे मला माहीत होतं, आणि त्या क्षणी नको असताना ते चित्र मनात आलं: वर ही बसलेली, ओंजळ पसरून, आणि खाली मातीत तीही सगळी बसलेली. इतके उन्हाळे. कुणाचंच नाव न कळता.

"म्हंजी मी पढले ते आईला गेलंच न्हाई," ती म्हणाली.

ती वाकली. तळहात गाळावर टेकवून जरा वेळ तशीच राहिली. मग उठता उठता म्हणाली, "त्यांच्यातबी कुनी बाळंतीन आसंल की. तिला गेलं आसंल." आणि डोळे पुसून ओढ्याच्या दिशेनं चालू लागली.

दगडांच्या रेषेपाशी आल्यावर ती थबकली. तिच्या पायात आणि कबरस्तानात फक्त ती एक रेषा होती. दस्तगीर आत होते. आमच्यासमोर दोघं मराठीतच बोलली.

"भाईजान, यू का?"

त्यांनी मान वर केली. मला वाटलं ते नाही म्हणतील. क्षणभर त्यांनाही तसंच वाटलं असावं. मग त्यांनी गाळानं माखलेला हात पुढं केला.

"ये की. आता कुठं भिंत ऱ्हायलीय हितं?"

तिनं चपला काढल्या आणि रेषा ओलांडली. दोघं शेजारी बसली. ती पढत होती आणि ते मान खाली घालून रडत होते. मोठ्यानं नाही, खांदे तेवढे हलत होते. आम्ही तिघं पाठ करून लांब उभे राहिलो. उरलेल्या पाण्याच्या पट्टीवर ऊन पडलं होतं आणि बगळे एका पायावर उभे होते.

नंतर देवळाच्या चौथऱ्याच्या सावलीत हजराबीनं गाठोडं सोडलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. तिनं पहिली भाकरी भावाला दिली, मग आप्पांच्या हातावर ठेवली. आणि एकदम विचारलं, "आवं आप्पा, तुमी आमचं घर मोजलं तवा माझ्या आईला बगितलं आसंल न्हवं? कशी दिसायची? मला तोंड याद येत न्हाई तिचं."

मला वाटलं, आप्पांनी आता खोटं बोलावं. उंच होती म्हणावं, हसतमुख होती म्हणावं. काय बिघडलं असतं? दस्तगीरसुद्धा घास हातात धरून थांबले होते.

आप्पांनी भाकरी खाली ठेवली. "नाही आठवत, बाई," ते म्हणाले. "मी फितीकडं बघायचो. माणसांकडं बघितलं की माझे आकडे चुकायचे."

हजराबीनं मान हलवली. जरा वेळानं तिनं त्यांच्या भाकरीवर आणखी थोडी चटणी घातली. दस्तगीर मग त्यांच्या घरच्या बोलीत हळूहळू बहिणीला काहीतरी सांगायला लागले. मला सगळं कळलं नाही, पण हातांच्या हालचाली कळल्या. त्यांनी कपाळ दाखवलं, मग हनुवटी, मग नाकातल्या चमकीची जागा. ती ऐकत होती आणि त्यांचे हात जातील तिथं तिचे डोळे जात होते. परतताना दोघं गाडीत मागं बसली आणि मी पुढं.

त्यानंतर पाऊस आला, धरण भरलं. कोपऱ्यांवर ठोकलेल्या मानेच्या खुंट्या, उकरलेली दगडांची रेषा, आमच्या पावलांचे ठसे, सगळं पुन्हा खाली गेलं. पण ऑफिसातलं ते कपाट काही पुन्हा पहिल्यासारखं बंद झालं नाही. करंजखळची गोष्ट वसाहतींमधून फिरली असावी. माणसं जिना चढून यायला लागली. दुसऱ्या बुडालेल्या गावची, तिसऱ्या गावची. कुणाला म्हसोबाचा दगड कुठं होता ते हवं होतं, कुणाला शाळा. फौजेतून निवृत्त झालेला एक सुभेदार नुसता आपल्या घराची चौकट बघून गेला. तिच्यावर बोट ठेवून उभा राहिला आणि "लय बारीक हुतं की वो" एवढंच म्हणाला. आम्ही कुणाच्याही नावानं कसली पावती फाडली नाही. आप्पा आता रोज येत नाहीत. आले की त्या लोकांपाशी बसतात आणि आता ते कापडाकडं न बघता त्यांच्या तोंडाकडं बघतात.

गेल्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा तळाला गेलं. मी माने आणि त्याच्या यंत्राशिवाय, सुट्टी काढून, एकटीच गेले. का ते मला नीट सांगता येणार नाही. ऐन दुपारी डोंगराच्या पट्ट्यांखालून उतरले तेव्हा वाटलं होतं की तिथं कुणी नसेल, मी आणि ती शांतता. पण ओढ्याच्या अलीकडं, काळ्या खोडापाशी, तीन बायका दिसल्या. मातीत बसलेली जी माणसं मी इतकी वर्षं मनात बघत होते तीच वर आलीयत की काय, असं क्षणभर वाटून गेलं.

जवळ गेल्यावर हजराबी ओळखू आली. बाकीच्या दोघी नव्या करंजखळच्याच. शेटे आडनावाच्या जावाजावा, कपाळावर विभूती, हातात बेलाची पानं. त्यांची सासू आणि आजेसासू इथंच आहेत, पण पाणी आल्यापासून त्यांच्या घरातलं कुणी इथवर आलं नव्हतं. जागाच ठाऊक नव्हती. हजराबीनं त्यांना वसाहतीतून आपल्याबरोबर आणलं होतं.

थोरली शेटे बाई जरा बावरली होती. कुठं बसावं, पानं कुठं वाहावीत, तिला कळत नव्हतं. भोवती मैलभर तडकलेला गाळ.

"हितंच बसा," हजराबी तिला म्हणाली. "ही जागा चांगली हाय. मी लय वर्सं झाडल्याली हाय."

आणि पदर खोचून तिनं त्यांच्यासाठी खोडाच्या पायाशी गाळाच्या खपल्या हातानं बाजूला सारल्या.